४८ सुयांचे हातविणयंत्र : टोपीपुरते पैसे वसूल

हाताने दांडा फिरवून लोकरीचे गोल विणकाम करणारी प्लॅस्टिकची छोटी यंत्रे आता घरबसल्या मागवता येतात. २२, ३२, ४० आणि ४८ अशा सुयांच्या संख्येवरून त्यांचे आकार ठरतात. मोठ्या माणसाच्या डोक्याला बसेल अशी टोपी हवी असेल तर ४८ सुयांचेच यंत्र घ्यावे लागते, आणि हे परीक्षण त्याच यंत्राचे आहे. एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसणारी ही यंत्रे निरनिराळ्या नावांनी विकली जातात, त्यामुळे मी माझ्या यंत्राचे नाव देत नाही. माझे मत आरंभीच सांगते : थंडीसाठी साधी, दुपदरी, कान झाकणारी टोपी विणण्याच्या कामात या यंत्राचे पैसे वसूल होतात. त्याखेरीज जे जे काही जाहिरातीत दाखवतात, त्यांतले बरेचसे हातातल्या दोन सुयांवरच अधिक चांगले होते.

विदर्भ म्हटले की बाहेरच्या माणसाला मे महिनाच आठवतो, आणि इथे लोकरीच्या टोपीचे काय काम, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. ते शहराचे झाले. आमच्याकडे, म्हणजे भंडारा-गोंदिया जिल्ह्यांतल्या साकोली, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव या तळ्यांच्या आणि जंगलाच्या पट्ट्यात, बांधावरचा गारठा शहरापेक्षा अधिक बोचतो. धानाचे पुंजणे, म्हणजे पेंढ्यांचे ढीग, मळणीची वाट पाहत खळ्यावर असतात तेव्हा राखणीला कोणीतरी उघड्यावर झोपतेच. पुढे रब्बीच्या ओलिताला वीज रात्रीची मिळाली, तर पाणी फिरवायला रात्रीच बांधावर जावे लागते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि तिच्या रात्री झाडीपट्टीचे, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातले, नाटक असते. ते पहाटेपर्यंत चालते, आणि मंडपाला बाजूचे पडदे असले तरी खालून येणारी हवा अडत नाही. अशा वेळी आठवडी बाजारातली एकपदरी माकडटोपी डोक्यावर असून नसल्यासारखीच असते, कारण कानावर ताणली की तिची वीण विरळ होते आणि वारा नेमका तिथूनच शिरतो. गोंदिया जिल्ह्यातच गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची जुनी वसाहत आहे. तिबेटी विक्रेते हिवाळ्यात शहरोशहरी गरम कपड्यांची दुकाने लावतात आणि त्यांच्याकडचा माल चांगला असतो, पण त्यासाठी शहर गाठावे लागते, आणि घरातल्या प्रत्येकाच्या डोक्याचे माप काही बरोबर नेता येत नाही.

आता यंत्राकडे वळू. मोठ्या घमेल्याएवढा एक गोल, त्याच्या कडेने उभ्या ४८ प्लॅस्टिकच्या आकड्या, म्हणजेच सुया, बाजूला फिरवायचा दांडा आणि वर धागा ओवायची एक उभी दांडी, एवढाच सगळा पसारा आहे. ४८ आकड्यांपैकी एकीचा रंग वेगळा असतो, आणि फेरी कुठे सुरू झाली हे तिच्यावरून कळते. दांडा फिरवला की आकड्यांचे कडे फिरते, धागा देणारे तोंड मात्र जागेवरच राहते. प्रत्येक आकडी त्या तोंडासमोर आली की खाली उतरते, धागा पकडून जुन्या टाक्यातून ओढून घेते आणि पुन्हा वर येते. यंत्राला वीज लागत नाही. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे वीज कधी असेल याचा भरवसा नसतो, तिथे ही सोय मोठी आहे. जाहिरातीच्या चित्रफितींत दांडा काढून तिथे ड्रिल मशीन जोडलेले दाखवतात आणि टोपी डोळ्यांदेखत भराभर उतरते. आतले दाते प्लॅस्टिकचे आहेत, हे ध्यानात घेतले तर तो मोह आवरलेला बरा.

या यंत्राचा सगळा स्वभाव त्याच्या आकडीत आहे. मोजे विणण्याची जुनी लोखंडी यंत्रे किंवा लुधियानाकडे स्वेटरसाठी वापरतात ती आडवी हात-मशीन यांच्या सुईला एक बारीकशी झडप असते. ती झडप मिटते, नवा धागा आत बंद होतो आणि जुना टाका तिच्यावरून घसरून पडतो. इथे झडप नाही. उघड्या आकडीने धागा धरायचा आणि जुना टाका आपोआप मागे सरकायचा, हे सगळे धाग्याची जाडी आणि त्याचा ताण यांवर सोडलेले आहे. धागा बारीक असेल तर आकडी त्याला पकडत नाही, फार जाड असेल तर जुना टाका त्याच्यावरून उतरत नाही, आणि धागा मध्येच ओढला गेला तर आकडीच्या तोंडातून निसटतो. टाका सुटला की तिथून खाली शिडीसारखी उभी रेघ उसवत जाते. यंत्र वाईट आहे अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांची अडचण प्रत्यक्षात इथेच, म्हणजे धाग्यापाशी असते.

म्हणून लोकरीविषयी जरा सविस्तर लिहिते. या यंत्राला परदेशी गुंड्यांवर ‘४’ असा आकडा असतो ती मध्यम जाडीची लोकर मानवते. तालुक्याच्या दुकानात आपल्याला मिळते ती अॅक्रिलिक लोकर बहुधा त्याहून बारीक असते, आणि ती एकेरी घातली तर वीण जाळीसारखी होऊन टाके सुटत राहतात. उपाय सोपा आहे : दोन पदर एकत्र घ्यावेत. मात्र दोन्ही पदर सारख्याच ओढीने आले पाहिजेत, नाहीतर एक पदर आकडीत येतो आणि दुसरा बाहेर लोंबतो. त्यासाठी मी दोन गुंडे आधी एकत्र गुंडाळून त्यांचा एकच सैल गोळा करते. हे गुंडाळणे कंटाळवाणे आहे, पण ते टाळून चालत नाही. दुकानातून आणलेली घट्ट लड तशीच यंत्राला लावली की धागा धक्क्याधक्क्याने येतो आणि प्रत्येक धक्क्याला एक टाका जातो. गोळा टोपलीत किंवा पातेल्यात ठेवावा, म्हणजे तो घरभर फिरत नाही आणि मांजरीच्याही ध्यानात येत नाही. गाठी असलेला, मखमली लवेचा किंवा चमकीचा धागा या यंत्रासाठी घेऊच नये.

आमच्याकडच्या कुरमार मेंढपाळांच्या मेंढ्यांची लोकर वापरता येईल का, असे मला दोघींनी विचारले. ती लोकर राठ असते, हातकताईमुळे तिची जाडी ठिकठिकाणी बदलते, आणि घोंगडीसाठी जो तिचा गुण तोच इथे अडसर ठरतो. जाड ठिकाणी आकडी अडते आणि जोर केला तर मोडते. तिची टोपी हातानेच विणावी.

टोपी विणण्याची रीत यंत्रासोबत आलेल्या कागदावर चित्रांनी दाखवलेली आहे, पण ती चित्रे पाहून काम जमेल असे वाटत नाही. सुरुवात वेगळ्या रंगाच्या टाकाऊ धाग्याने करावी. पहिल्या फेरीत तो धागा एका आकडीत अडकवायचा, पुढच्या आकडीच्या मागून न्यायचा, त्यापुढच्या आकडीत पुन्हा अडकवायचा, असे करत वेगळ्या रंगाच्या आकडीपर्यंत परत यायचे आणि मग धागा दांडीतून ओवून घ्यायचा. ही पहिली फेरी आणि तिच्यानंतरच्या एकदोन फेऱ्या अगदी सावकाश फिरवाव्यात आणि प्रत्येक आकडीत धागा बसला की नाही हे डोळ्यांनी पाहावे. टाकाऊ धाग्याच्या पाचसहा फेऱ्या झाल्या की वेगळ्या आकडीपाशी तो कापून टोपीचा धागा लावावा. गाठ मारू नये, दोन्ही टोके आतल्या बाजूला सोडून द्यावीत. टोपीच्या धाग्याचे हे सुरुवातीचे टोक डोक्याच्या घेराच्या दुप्पट तरी लांब ठेवावे, कारण पुढे त्यानेच तोंड आवळायचे असते.

त्यानंतर साधारण ११० ते १२० फेऱ्या घालाव्यात. हात बसला की दांड्याची एक लय सापडते आणि हा भाग पंधरा-वीस मिनिटांत होतो. मधून मधून खाली लोंबणारे विणकाम डाव्या हाताने हलकेच ओढत राहावे, त्यामुळे टाके आकडीवर नीट बसतात. शेवटी धाग्याचे तसेच लांब टोक ठेवून पुन्हा टाकाऊ धाग्याच्या काही फेऱ्या घ्याव्यात, धागा कापावा आणि दांडा रिकामाच फिरवावा, म्हणजे अख्खी नळी यंत्रावरून सुटून हातात येते. आता बोथट टोकाची, मोठ्या नाकाची लोकरीची सुई घेऊन ते लांब टोक एकामागून एक ४८ टाक्यांतून ओवायचे, आवळायचे, पक्के करायचे आणि टाकाऊ धागा उसवून काढायचा. दुसऱ्या टोकालाही तसेच. दोन्ही तोंडे बंद झालेली ही लांबट पिशवी अर्धी आत ढकलली की दुपदरी टोपी तयार होते. दोन्ही पदरांची उलटी बाजू एकमेकींकडे जाते, त्यामुळे आतून आणि बाहेरून सुलट टाक्यांचीच मऊ बाजू लागते आणि धाग्यांची सगळी टोके मध्ये लपतात. अर्धी नळी एका रंगाने आणि अर्धी दुसऱ्या रंगाने विणली तर टोपी उलटूनही घालता येते.

या टोपीची खरी ऊब तिच्या काठात आहे. हे यंत्र फक्त सुलट टाका घालते. सुलट-उलट अशी ताणणारी पट्टी त्यावर होत नाही, कारण त्यासाठी लुधियानाच्या मशीनसारखे सुयांचे दोन पाट लागतात. ती पट्टी हवीच असेल तर ठरावीक टाके खालपर्यंत सोडून क्रोशाच्या सुईने उलट बाजूने चढवत आणावे लागतात, आणि त्या कटकटीत यंत्राने वाचवलेला सगळा वेळ जातो. त्यापेक्षा टोपीचा काठ तीन-चार बोटे वर दुमडावा. मुळात दोन पदर आणि त्यावर दुमड, असे कानावर चार थर येतात. थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरते, म्हणून दुकानातली जाड दिसणारी पण एकपदरी टोपी हिच्यापुढे टिकत नाही. पहाटे साडेचारला दुधाचे कॅन घेऊन संकलन केंद्रावर जाणाऱ्या माणसाचे याबाबतचे मत मी प्रमाण मानते, आणि ते अनुकूल आहे. मोटारसायकलवर मात्र अडचण येते. हेल्मेटखाली चार थर बसत नाहीत, त्यासाठी एकपदरीच विणावी लागते.

माझ्या चुलतसासऱ्यांनी टोपी घालून पाहिली आणि म्हणाले, “टोपी झकास हाये सूनबाई, पण मानीले हवा लागते.” आमच्याकडच्या वयस्क माणसाला कानटोपी म्हणजे हनुवटीखाली बंद होणारी, मान झाकणारी टोपीच माहीत आहे, आणि ओलिताला जाणाऱ्याची गरजही तीच आहे. या यंत्रावर तीही होते, पण सरळपणे होत नाही. यंत्रावरची कळ फिरवली की ते पूर्ण गोल न फिरता पुढे-मागे जाते आणि नळीऐवजी सपाट पट्टी विणते. मानेपासून नळी विणत यायचे, तोंडाच्या जागी काही ओळी पट्टीच्या पद्धतीने घालून फट ठेवायची आणि पुन्हा नळी सुरू करायची, अशी ती युक्ती आहे. पट्टीत जे थोडे टाके विणले जात नाहीत ते आधी वेगळ्या धाग्यावर उतरवून घ्यावे लागतात आणि नंतर फटीची कड क्रोशाने बांधावी लागते. ज्या बाईला क्रोशा येतो तिला हे जमते. केवळ यंत्र घेतले म्हणून ते जमणार नाही.

अंबाडा घालणाऱ्या बायकांच्या डोक्याला बंद टोपी नीट बसत नाही. त्यांच्यासाठी दोन्ही तोंडे उघडी ठेवून गळपट्टा करावा, तो कानांपर्यंत ओढता येतो. मफलरही पट्टीच्या पद्धतीने होतो, पण त्याच्या दोन्ही कडा आत वळतात आणि तो दोरासारखा दिसतो. नळी चपटी करून घेतली तर बरा होतो, लोकर मात्र दुप्पट लागते. मोज्यांसाठी हे यंत्र मोठे पडते.

दोषांकडे येऊ. यंत्राच्या पायांना रबरी चोषक लावलेले आहेत, आणि ते फरशीवर किंवा कडप्प्याच्या ओट्यावर पक्के बसतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा खडबडीत पाटावर ते धरत नाहीत, आणि एका हाताने दांडा फिरवताना यंत्रच फिरू लागते. मी गावच्या सुताराकडून सागाच्या फळीवर ते बसवून घेतले आणि फळी पायाखाली दाबून ठेवते, त्यामुळे प्रश्न मिटला. पाय आखूड असल्यामुळे विणलेली नळी खाली गोळा होते. फळीला मध्ये गोल भोक पाडून घेतले आणि फळी दोन स्टुलांवर टेकवली, तर नळी मोकळी लोंबते आणि ताणही बरोबर राहतो. यंत्राचा खडखडाट चांगलाच मोठा आहे, निजलेल्या लेकरापाशी ते चालवता येत नाही. फेऱ्या मोजणारा आकडा सोबत आहे, पण टाका उचलण्यासाठी दांडा मागे-पुढे केला की मी कागदावर रेघा मारून ठेवलेल्या हिशेबावरच विसंबते.

सुटलेला टाका वेळेवर दिसला तर नुकसान होत नाही. दांडा थांबवावा, क्रोशाची सुई सुटलेल्या टाक्यात घालावी आणि शिडीचा एकेक आडवा धागा ओढत टाका वर आणून आकडीवर चढवावा. दर चार-पाच फेऱ्यांनी विणकामावरून नजर फिरवण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी. दांडा जड लागला तर जोर करू नये, कुठेतरी धागा अडकलेला असतो. आकडी मोडली तर यंत्र खालून उघडून बदलता येते, परंतु सुटी आकडी मिळवणे हेच खरे दुखणे आहे. माझ्या विक्रेत्याकडे मी आकड्यांची मागणी केली तेव्हा पूर्ण यंत्र परत करण्याचा पर्याय तेवढा दाखवला गेला, आणि परतीची मुदत तर केव्हाच संपलेली होती. तालुक्याला शिलाई मशीन दुरुस्त करणारे आहेत, पण या यंत्राला हात लावायला ते तयार नसतात. मागवतानाच सोबत जादा आकड्या येतात की नाही हे तपासावे, आणि दोन विक्रेत्यांच्या किमतीत थोडा फरक असेल तर आकड्या देणाऱ्याकडूनच घ्यावे.

नमुने शोधताना जर्मनीच्या आडी कंपनीच्या याच धर्तीच्या यंत्रासाठी लिहिलेल्या कृती पुष्कळ सापडतात. त्या कंपनीच्या मोठ्या यंत्राला ४६ सुया असतात. टोपीच्या बाबतीत दोन सुयांचा फरक जाणवत नाही, फेऱ्यांचा हिशेब तोच ठेवावा.

अॅक्रिलिकविषयी एक इशारा द्यायला हवा. ते धुवायला सोपे आहे, आटत नाही, अंगाला खाजत नाही आणि स्वस्त आहे. पण आमचा हिवाळा शेकोटीपाशी जातो, आणि अॅक्रिलिकवर ठिणगी पडली की ते वितळून तिथे कडक काठाचे भोक पडते. खळ्यावर राखणीला जाणाऱ्यासाठी निदान बाहेरचा पदर खऱ्या लोकरीचा विणावा, कारण लोकर सहजी पेट घेत नाही आणि दवाने ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही. यंत्राला चालेल अशी गुळगुळीत, सारख्या जाडीची लोकर नागपूरहून मागवावी लागते आणि ती बरीच महाग पडते.

पैशाचे बोलायचे तर यंत्र मला पाच ते सहा हजारांच्या दरम्यान पडले. एका मोठ्या दुपदरी टोपीला शंभर ग्रॅमच्या आसपास अॅक्रिलिक लोकर लागते, म्हणजे आमच्याकडच्या भावाने जवळपास शंभर रुपये. लोकर गुंडाळण्यापासून तोंडे आवळण्यापर्यंत सगळे धरून पाऊण तास जातो. बाजारात एकपदरी टोपी शंभर-दीडशेला मिळते. “घरबसल्या रोजगार” असे शीर्षक देऊन हे यंत्र महिला बचत गटांपुढे मांडले जात असल्याचे मी पाहिले आहे, आणि त्या मांडणीशी मी सहमत नाही. आमच्याकडे टोपीचा हंगाम दिवाळी ते संक्रांत एवढाच असतो. बाजारातल्या टोपीशी किमतीची बरोबरी करायला गेले तर मजुरीच सुटत नाही, आणि सकाळ-संध्याकाळ सलग चालवण्याइतके हे यंत्र दणकट नाही. कर्ज काढून गटाने दहा यंत्रे घेणे म्हणजे पुढच्या हिवाळ्यापर्यंत दहा खोकी माळ्यावर ठेवणे होय. गटात विणकाम येणाऱ्या दोघी-तिघी असतील आणि एक यंत्र सामाईक घेतले, ऑर्डर आधी घेऊन टोप्या विणल्या, तर हिशेब जमतो. नाटकाच्या रात्री शेजारच्या डोक्यावरची जाड टोपी पाहून कोणी विचारतोच, आणि अडीचशे रुपये देणारी माणसे आमच्या गावात निघाली आहेत.

अंगणवाडीतल्या वयाच्या मुलांसाठी ४८ सुयांची टोपी सैल होते आणि डोळ्यांवर उतरते. घरात लहान मुलेच अधिक असतील तर ४० सुयांचे यंत्र घ्यावे. ते थोडे स्वस्त असते, लोकरही कमी लागते, आणि मुलांच्या टोपीला ८० ते ९० फेऱ्या पुरतात.